सहा शेजारी

डोंगरी असें गांवाचें नांव सांगितलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें मुंबईची डोंगरी उभी राहते, आणि आम्ही तेथें कोणत्या गल्लींत राहतों याची चौकशी सुरू होते. आमची डोंगरी ती नव्हे. भाईंदर स्टेशनावर पश्चिमेस उतरून उत्तनकडे जाणारी बस धरावी. मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें मागें पडलीं म्हणजे उत्तनच्या अलीकडे जी लागते ती आमची डोंगरी. एका अंगास टेकडी, दुसऱ्या अंगास कांहीं अंतरावर समुद्र, मध्यें बेथलेहेम मातेचें देऊळ (येथील ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात), आणि कौलारू घरांच्या मधून मधून वर आलेल्या नव्या इमारती, असा या गांवाचा थाट आहे. सेवानिवृत्तीनंतर आम्ही येथें राहावयास आलों तें समुद्राच्या वाऱ्यासाठीं. येथें येऊन आपण संगणकावर वाळूचे ढीग रचीत बसूं, असें भाकित कोणा ज्योतिषानें वर्तविलें असतें तर आम्हीं त्यास दिलेली दक्षिणा परत मागितली असती.

या नादाचें मूळ वाटेवरच्या मिठागरांत आहे. उधाणाच्या भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवून तें उन्हानें आटवावयाचें, आणि तळाशीं धरलेलें मीठ ओढून टोपल्यांनीं बांधावर नेऊन ओतावयाचें, हा तेथील क्रम. असे पांढरे ढीग बसच्या खिडकींतून आम्हीं पुष्कळ उन्हाळे पाहिले. टोपलीमागून टोपली पडत असतां ढिगाची कड कधीं पसाभर घसरे, तर कधीं तशाच दुसऱ्या टोपलीनें ढिगाची एक अखंड बाजू खालीं येई. टोपली तीच, ओतणारा हात तोच, मीठहि तेंच. मग परिणामांत एवढी तफावत कां? आमचें सारें आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत गेलें. कारण सारखें आणि कार्य निराळें, असा जमाखर्च कोणी पुढें केला म्हणजे आमचा जीव अस्वस्थ होतो.

१९८७ सालीं पेर बाक, चाओ टांग आणि कुर्ट वीझनफेल्ड या तीन पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं अमेरिकेंत जवळजवळ हाच प्रश्न विचारला, आणि उत्तरासाठीं खऱ्या वाळूस हात न लावतां संगणकावर एक खेळ मांडला. सोंगट्यांच्या पटाप्रमाणें घरें आंखावयाचीं. प्रत्येक घराचे शेजारी चार. कोणत्याहि घरांत एकेक दाणा टाकीत जावयाचें. एखाद्या घरांत चार दाणे जमले कीं तें घर कलंडतें, आणि चारहि शेजाऱ्यांच्या पदरांत एकेक दाणा पडतो. त्यामुळें एखाद्या शेजाऱ्याचे चार भरले तर तोहि कलंडतो. पटाच्या कडेवरून जो दाणा बाहेर पडेल तो गेला. एवढाच नियम. कोणत्याहि घरास दूरच्या घराची वार्ता नाहीं. आपल्यापाशीं किती आणि शेजारीं कोण, यापलीकडे त्यास कांहीं ठाऊक नसतें.

अशा खेळांस 'सेल्युलर ऑटोमेटन' असें भारदस्त नांव आहे. त्यांची कल्पना जॉन फॉन नॉयमन व स्टानिस्लाव उलाम यांनीं १९४० नंतरच्या दशकांत काढली. पुढें १९७० सालीं जॉन कॉन्वे यांचा 'लाइफ' नांवाचा खेळ मार्टिन गार्डनर यांच्या मासिक लेखामुळें घरोघर पोंचला, आणि १९८७ सालींच कार्टर बेज यांनीं तो पटावरून उचलून घनांत नेला. त्या घनांत प्रत्येक घरास सव्वीस शेजारी असतात, आणि त्यांच्यांतील किती जिवंत आहेत हें पाहून घरानें जगावें कीं मरावें हें ठरतें. आम्हांस स्वतःला हा जन्ममरणाचा खेळ फारसा भावला नाहीं. त्यांत सर्व घरांनीं एकाच क्षणीं बदलावें लागतें, म्हणून जुनें व नवें अशा दोन वह्या बाळगाव्या लागतात. शिवाय त्यांत शिल्लक जुळविण्यासारखें कांहीं नाहीं. वाळूच्या खेळांत मात्र टाकलेले दाणे, उरलेले दाणे आणि कडेवरून गेलेले दाणे यांचा मेळ पैपैनें बसलाच पाहिजे. हें आमच्या जातीचें काम होतें.

मीठ कांहीं पाटावर पसरलेलें नसतें, त्यास उंचीहि असते. म्हणून आम्हीं वाळूचा खेळच घनांत मांडावयाचें ठरविलें. घनांतील घरास सहा शेजारी: डावा, उजवा, पुढचा, मागचा, वरचा आणि खालचा. म्हणून कलंडण्याची मर्यादाहि सहा. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या घनांत खालचें ओढणारें गुरुत्वाकर्षण नाहीं. वरच्या शेजाऱ्यासहि खालच्याइतकाच वाटा मिळतो. त्यामुळें ही मिठाच्या ढिगाची हुबेहूब प्रतिमा नव्हे, हें कबूल करूनच पुढें जावें.

प्रथम हा खेळ आम्हीं हातानेंच खेळून पाहिला. स्वयंपाकघरांतले पांच पाट ओळीनें मांडले, त्यांवर खडूनें घरें आंखलीं, आणि ते एकावर एक रचलेले पांच मजले आहेत असें समजून मधल्या पाटाच्या मधल्या घरांत एकेक चिंचोका टाकूं लागलों. पांच चिंचोके पडेपर्यंत कांहीं होत नाहीं. सहावा पडतांच घर कलंडतें आणि सहा शेजाऱ्यांस एकेक मिळतो. बारावा, अठरावा, चोविसावा, तिसावा, दर वेळीं हेंच. एकदां कलंडावें आणि शांत व्हावें. पस्तीस चिंचोके झाले म्हणजे मधलें एक आणि शेजारचीं सहा अशीं सातहि घरें पांच पांच घेऊन अगदीं कांठावर बसलेलीं असतात. मग छत्तिसावा पडतो. मधलें कलंडतें, त्यानें सहाहि शेजारी कलंडतात, त्यांचा एकेक दाणा परत आल्यामुळें मधलें पुन्हां कलंडतें. एका चिंचोक्यापायीं आठ वेळां उलथापालथ! शेवटीं मधलें घर रिकामें, सहा शेजाऱ्यांपाशीं एकेक, त्यांच्या कोनांतील बारा घरांत दोन दोन, आणि सरळ रेषेंतील पलीकडच्या सहा घरांत एकेक. बेरीज छत्तीस. सदतिसावा चिंचोका पुन्हां निमूटपणें मध्यें जाऊन बसतो. छत्तिसाव्या चिंचोक्याच्या अंगीं इतरांहून निराळें असें कांहींच नव्हतें. जें होतें तें त्या सात घरांच्या कांठोकांठ भरण्यांत होतें, आणि आमच्या मिठागराच्या प्रश्नाचें उत्तरहि बहुधा एवढेंच आहे.

पांच पाटांवर यापुढें जातां येत नाहीं, म्हणून संगणक. त्यास घन कळत नाहीं. त्याची स्मृति म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली एकच लांबलचक चाळ. खोल्यांस क्रमांक आहेत, मजले नाहींत. तेव्हां घन या चाळींत बसवावयाचा कसा? लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी चौसष्ट धरली तर एकंदर खोल्या २,६२,१४४ होतात. कोणत्याहि खोलीचे डावे-उजवे शेजारी म्हणजे एकानें कमी-अधिक क्रमांकाच्या खोल्या. पुढचे-मागचे चौसष्टांनीं कमी-अधिक. आणि वरचे-खालचे ४,०९६ नीं कमी-अधिक. ज्यास आपण वरचा शेजारी म्हणतों तो संगणकाच्या हिशेबीं चार हजार दारें सोडून राहतो! सर्वांत बाहेरच्या थरास आम्हीं समुद्र ठरविलें. तेथें गेलेला दाणा मोजावयाचा आणि सोडून द्यावयाचा. समुद्र वगळतां राहतीं घरें उरलीं २,३८,३२८. या समुद्राचें प्रयोजन केवळ शोभेचें नाहीं. दाण्यांस बाहेर पडण्यास वाटच नसेल तर दाणे वाढतां वाढतां असा क्षण येईल कीं एकदां सुरू झालेली दरड कधीं थांबणारच नाहीं.

आज्ञावली सी भाषेंत लिहिली. ती दोन पानांची झाली. जीं घरें कलंडण्याजोगीं आहेत त्यांची एक यादी ठेवावी, यादींतून एक घर काढावें, कलंडावें, नवीं भरलेलीं घरें यादींत घालावीं, यादी संपली कीं नवा दाणा टाकावा. इतकें झाल्यावर आमच्यांतील हिशेबतपासनीसानें एक शंका काढली. यादींतून घर कोणतें काढावें? आधीं आलेलें कीं मागून आलेलें? रेशनच्या रांगेंत जो आधीं उभा त्याचा मान आधीं. ताटांच्या उतरंडींत मात्र शेवटीं ठेवलेलें ताट प्रथम उचलावें लागतें. दोन्ही रीति न्याय्य आहेत. पण क्रम बदलला तर परिणामहि बदलेल, आणि मग आमच्या संगणकावरची दरड ही वाळूची नसून आमच्या यादीची ठरेल.

या शंकेचें निरसन ज्यांनीं केलें ते आमच्याच पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम करीत होते. दीपक धर हे जन्मानें उत्तर प्रदेशांतील प्रतापगडचे; परंतु त्यांची उमेद मुंबईंत खर्ची पडली, आणि पुढें ते पुण्याच्या आयसर या संस्थेंत गेले. १९९० सालीं 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं या खेळांत क्रमास महत्त्व नाहीं. दोन घरें एकाच वेळीं भरलीं असतील तर पहिलें कलंडल्यानें दुसऱ्याचे दाणे कमी होत नाहींत, झाले तर वाढतातच. म्हणजे दुसऱ्याचें कलंडणें टळत नाहीं. आणि दोन्ही कलंडल्यावर कोणास किती मिळालें हें केवळ बेरीज-वजाबाकीचें काम आहे. तें कोणत्याहि क्रमानें केलें तरी तेंच. येथवर समजावयास चौथी इयत्ता पुरे. धरांचें वैशिष्ट्य असें कीं या साध्या गोष्टीपासून निघून ते फार लांबवर गेले. नुसत्या संगणकाच्या आंकड्यांवर चालणारा विषय त्यांनीं सिद्धतेच्या पायावर आणून ठेवला. २०२२ सालीं त्यांस बोल्ट्झमन पदक मिळालें. तें मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच वेळीं त्यांच्याबरोबर तें जॉन हॉपफील्ड यांसहि मिळालें, आणि हॉपफील्ड यांस पुढें २०२४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिकहि लाभलें. आमच्या वृत्तपत्रांनीं क्रिकेटच्या एका सामन्याला जितकी जागा दिली असती तितकीहि या पदकास दिलेली आमच्या पाहण्यांत आली नाहीं, असो.

आम्हांस या सिद्धांताचा रोकडा उपयोग असा झाला कीं आज्ञावलीस एक पंच मिळाला. तेच दाणे एकदां रांगेच्या रीतीनें व एकदां उतरंडीच्या रीतीनें चालवावे. शेवटची मांडणी आणि प्रत्येक घर किती वेळां कलंडलें याची नोंद, दोन्ही तंतोतंत जुळलीं पाहिजेत. एका घराचा फरक पडला तरी आज्ञावली खोटी. जुळलीं, आणि समुद्राच्या खात्यासह दाण्यांची शिल्लकहि जुळली.

दिवाळीच्या सुट्टींत आमची पुतणी आली. ती अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. तिच्यापुढें आम्हीं मोठ्या अभिमानानें आंकड्यांचे रकाने ठेवले. तिनें ते वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "काका, हें सगळें खरें असेल, पण दिसत कांहींच नाहीं." आम्हीं म्हटलें, "दिसावयाला काय हवें? शिल्लक जुळली ना?" "शिल्लक जुळली म्हणजे आंत काय चाललें आहे तें कळलें असें थोडेंच आहे!" हें उत्तर आम्हांस झोंबलें, कारण नोकरींत असतांना हेंच वाक्य आम्हीं कित्येक कारकुनांस ऐकविलें होतें.

दोन दिवस ती संगणकापुढून हलली नाहीं. प्रथम तिनें घन रंगविला: दाण्यांच्या संख्येप्रमाणें सहा रंग. सुरेख दिसला, पण दिसलें तें बाहेरचें अंग. घनाची अडचणच ही आहे. पट वरून पाहतां येतो. घनाच्या पोटांत शिरावें तर प्रत्येक घर पुढच्या घराच्या आड. मग तिनें सुरळीच्या वड्या कापाव्या तसे त्याचे काप पाडले. एकेक काप सुरेख, पण शेजारच्या कापाशीं त्याचा संबंध नजरेंतून सुटे. शेवटीं तिनें एक युक्ति केली. ज्या घरांत एक तरी दाणा आहे तें अदृश्य करावयाचें, आणि रिकामीं घरें तेवढीं पांढऱ्या ठिपक्यांनीं दाखवावयाचीं. कांहीं लाख दाणे पडून घन मुरलेला होता. काळ्या पडद्यावर विरळ चांदणें पडल्यासारखें झालें. तें गोल गोल फिरवून पाहतां पाहतां ती एकदम थांबली.

"काका, यांतलीं दोन घरें कधीं एकमेकांना चिकटलेलीं कां नाहींत?"

आम्हीं चष्मा लावून पाहिलें. खरोखरच दोन ठिपके कोठेंहि भिंतीला भिंत लावून नव्हते. मोजणीची चार ओळींची आज्ञा लिहिली: शेजारी शेजारी रिकाम्या घरांच्या जोड्या, शून्य. आणखी दाणे टाकून पुन्हां मोजल्या, शून्य. आतां प्रश्न आमच्या अंगणांत आला होता, कारण शून्य कितीदां आलें तरी तें पुढच्या खेपेस येईलच असें मोजणी सांगूं शकत नाहीं. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दोघांनीं बसून तो सोडविला. घर रिकामें होतें तें कलंडूनच, आणि कलंडतांना तें प्रत्येक शेजाऱ्यास एक दाणा देऊन जातें. दोन शेजारी घ्या. त्यांच्यांतील जें अगदीं शेवटीं कलंडलें असेल त्यानें दुसऱ्यास दाणा दिला, आणि दुसरें त्यानंतर कलंडलेलें नाहीं. मग तें रिकामें असेल कसें? आरंभीं सारा घनच रिकामा असतो तेव्हां ही गोष्ट अर्थात् लागू नाहीं, पण जोडींतील एक घर एकदां तरी कलंडलें कीं तीं दोन्ही पुन्हां एकाच वेळीं रिकामीं होऊं शकत नाहींत. जें दोन लक्ष अडतीस हजार घरांत चाललें होतें तें तीन वाक्यांत संपलें. पण तिचें चांदणें नसतें तर तीं तीन वाक्यें शोधण्याची आम्हांस बुद्धीच झाली नसती, हेंहि तितकेंच खरें.

या नियमापासून शेजारधर्माचा बोध काढण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतों. वाळूचे दाणे देऊन कलंडणारें घर दानशूर नसतें, निरुपाय झालेलें असतें.

पुतणीचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. "एका ओळींत रिकामें, एक दाण्याचें, रिकामें, अशीं तीन घरें येऊं शकतील का?" येऊं शकत नाहींत, आणि असा प्रत्येक प्रश्न निराळा सोडवीत बसावयास नको, कारण धरांनीं १९९० च्या त्याच निबंधांत सर्वांस पुरेल अशी एक कसोटी दिली आहे. ती आगीची कसोटी. समुद्राच्या बाजूनें घनास आग लागली अशी कल्पना करावी. ज्या घरांतील दाण्यांची संख्या त्याच्या न जळलेल्या शेजाऱ्यांइतकी किंवा त्याहून अधिक असेल तें घर पेटतें. असें करतां करतां सारा घन जळाला तर ती मांडणी दाणे टाकीत राहिलें असतां पुन्हां पुन्हां येणारी आहे. एखादा पुंजका न जळतां उरला तर ती मांडणी एकदां मागें पडली कीं कायमची. दोन रिकाम्या शेजाऱ्यांचें पाहा: बाकी सर्व जळालें तरी प्रत्येकास दुसरा न जळलेला शेजारी एक, आणि दाणे शून्य, दोघेहि पेटत नाहींत. तिघांच्या ओळींतहि मधल्यास न जळलेले शेजारी दोन आणि दाणा एक. पुतणीनें ही आग वीस ओळींत लिहिली, आणि ती कडेकडून आंत शिरत जातांना दाखविण्याची व्यवस्थाहि केली. नरकचतुर्दशीच्या पहांटे बाहेर फटाके वाजत असतां आमच्या घरांत घन जळत होता.

हा खेळ ज्यांनीं काढला त्यांनीं त्याचे दावे फार मोठे केले. लहान दरडी पुष्कळ, मोठ्या थोड्या, आणि कोणताच एक आकार ठराविक नाहीं, हें या ढिगाचें लक्षण. भूकंपांचेंहि तसेंच, म्हणून भूकंप म्हणजे पृथ्वीचा वाळूचा ढीग. शेअरबाजार, युद्धें, जीवांचे वंशविच्छेद, सर्वांच्या मुळाशीं हाच ढीग, इतकी मजल गेली. पेर बाक यांनीं १९९६ सालीं लिहिलेल्या ग्रंथाचें नांवच निसर्ग कसा चालतो असें आहे. आम्हांस हें पटत नाहीं. ज्या महाराष्ट्रानें १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसला त्यास धरणाचें पाणी, खडकांतील भेगा आणि दगडमातीच्या भिंती यांचा निराळा विचार करावाच लागतो; सहा शेजाऱ्यांच्या नियमांत तो विचार मावत नाहीं. एवढेंच काय, खरी वाळूसुद्धां हा नियम नीटसा पाळत नाहीं. ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं तांदळाचे ढीग रचून पाहिले, तेव्हां लांबट दाण्याच्या तांदळानें तो पाळला, आणि आंखूड दाण्याच्या तांदळानें पाळला नाहीं. बासमती आणि कोलम यांच्यांतील हा भेद आमच्या गृहिणींस शिजवितांना ठाऊक होता. ढिगांतहि असा भेद असेल असें कोणास वाटलें असतें?

सुट्टी संपावयाच्या आदल्या दिवशीं पुतणीनें विचारलें, "काका, चार मितींत करूं या का?" आम्हीं म्हटलें, "दाखवशील कसें?" ती म्हणाली, "दाखवणार नाहींच. नुसतें मोजूं." आज्ञावलींत फरक थोडाच करावयाचा होता. शेजारी सहांचे आठ, कलंडण्याची मर्यादा आठ, आणि चाळींत आणखी दोन दारें: २,६२,१४४ नीं पुढचें आणि तितक्यांनींच मागचें. खोल्या झाल्या १,६७,७७,२१६. संगणकास त्याचें कांहीं वाटलें नाहीं. फक्त घन मुरावयास फार वेळ लागला. सकाळीं तिची बस साडेआठाची होती. निघण्यापूर्वीं तिनें शेजारी शेजारी रिकाम्या घरांच्या जोड्या मोजावयास लावल्या, आणि पायांत चपला घालतां घालतां दारांतूनच आम्हांस आंकडा विचारला. शून्य होता.